ध्यानाला बसलं की जुनं वर येतं: मंडळानं काय करावं, काय टाळावं

मुठाकाठ (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९.४०

नारायण पेठेत दर गुरुवारी साडेसहाला बारा-तेरा जणांची बैठक असते. आधी नामजप, मग पंचवीस मिनिटं मौन. बहुतेक साठीपुढचे, तिघंचौघं नोकरीवाले. दोन गोष्टींवर जाणकारांचा सल्ला हवाय.

पहिली, मौनात काहींचं जुनं काहीतरी वर येतं. हात थरथरतात, हुंदका फुटतो, कुणी तडक उठून चपला घालून जिना उतरतं. बाकीचे डोळे किलकिले करून बघतात आणि परत मिटतात. नेमकं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरी, १२ जुलैची बैठक पानशेतच्या पुराच्या स्मरणार्थ घ्यावी असं घाटतंय. पूर पाहिलेली चार माणसं मंडळात आहेत. हे करावं का, आणि करायचं तर कसं?

एक विनंती. अनुभवकथन नको, स्वतःचंही नको. ते वाचूनही कुणाकुणाला त्रास होतो. कृती, वेळ, प्रमाण, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

---

अनुलोम | गुरुवार, रात्री १०.२५

पंचवीस मिनिटांपासूनच सुरुवात करू, कारण गडबड तिथेच आहे.

आघाताची आठवण 'तेव्हा असं झालं होतं' अशी येत नाही, आत्ता घडतंय अशी येते. वास येतो, आवाज येतो, छातीवर दाब येतो. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं, आणि दोन्ही शक्य नसेल तर थिजतं. आता आपली बैठक बघा: हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे मिटलेले, दिवा मंद, दार लावलेलं. थिजायला लागणारी सगळी सामग्री आपणच मांडून ठेवतो आणि मग म्हणतो, असं कसं झालं?

म्हणून मौन सात मिनिटांवर आणा. मग तीन मिनिटं उभं राहून हातपाय हलवा, पुन्हा सात मिनिटं. महिनाभर कुणाला त्रास झाला नाही तर दोन-दोन मिनिटांनी वाढवा. डोळे अर्धे उघडे, नजर समोर दोन हातांवर जमिनीला. दार उघडं, ट्यूबलाइट चालू. दाराजवळच्या दोन जागा ज्यांना हव्या त्यांच्यासाठी राखीव, आणि त्या का हव्यात ते विचारायचं नाही.

श्वासाचं जरा सांभाळून. 'श्वासावर लक्ष द्या' ही सूचना आपण सगळ्यांना सरसकट देतो, पण जो कधी पाण्यात गुदमरला असेल किंवा कोविडमध्ये ऑक्सिजनवर होता, त्याच्यासाठी श्वास हीच सगळ्यात धोक्याची जागा. त्यांना लक्ष ठेवायला शरीराबाहेरचं काही द्या. जपमाळ उत्तम. तुळशीचा मणी अंगठ्याखाली खरखरीत लागतो, मेरुमणी आला की बोट आपोआप थांबतं. तेवढ्या स्पर्शावर मन टेकवायला हरकत नसते. ज्यांना श्वास चालतो त्यांनी चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. मध्ये कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. भस्त्रिका आणि कपालभाती या बैठकीत बंद. जोरात श्वास घेतला की कर्बवायू जास्त बाहेर जातो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि ज्याला घबराटीचे झटके येतात त्याला तोच झटका वाटतो.

---

पर्वती_सोऽहम् | शुक्रवार, सकाळी ६.१०

विरोधासाठी विरोध नाही, पण रडू येणं ही चित्तशुद्धी आहे. संस्कार वर येतात, साक्षीभावानं बघितले की गळून पडतात. तुम्ही ट्यूबलाइट लावून, दार उघडं ठेवून साधकाला वरवरच ठेवताय. सात मिनिटांत कुणाची समाधी लागायची?

---

खिडकीतली मैना | शुक्रवार, सकाळी ८.४५

सोऽहम् काका, साक्षीभाव खराच. पण बघणारा जागेवर असेल तरच बघणं होतं. लोंढ्यात वाहून चाललेल्याला काठावर बसून पाणी बघ म्हणता येत नाही.

फरक ओळखायच्या खुणा आहेत. रडताना माणसाला आज वार कोणता आणि आपण कुठे बसलोय हे ठाऊक आहे, श्वास मध्येमध्ये खोल जातो, पंधरा-वीस मिनिटांत हलकं वाटतं, रात्री झोप लागते: हे रडू चांगलं, त्याला हात लावू नका. उलट नजर एका जागी खिळलेली, हाक मारली तरी ओ नाही, हात गार, श्वास वरच्यावर, किंवा सगळं संपल्यावर 'मी इथे नव्हतेच' असं म्हणणं: ही शुद्धी नव्हे. त्यानंतर दोन-तीन रात्री झोप उडाली, दचकणं वाढलं, तर घाव पुन्हा ताजा झाला असं समजा. अशा बैठका जितक्या होतील तितकी भीती घट्ट होते, सैल होत नाही.

त्या क्षणी एकानंच पुढे व्हावं. कोण ते आधी ठरवा, आळीपाळीनं दोघं. समोरून यावं, मागून नाही. दोन हात अंतरावर, त्या व्यक्तीच्याच पातळीला बसावं. नावानं हाक मारावी: "शैलाताई, मी इथे आहे. आपण नारायण पेठेत आहोत. आज गुरुवार." हात धरायचा तर विचारून. पाठीवरून हात फिरवणं आपल्याकडे मायेचं, पण ज्याच्यावर हातानंच अत्याचार झालाय त्याला त्या मायेचा अर्थ वेगळा लागतो. मग पावलं जमिनीत दाबायला सांगा. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज मोठ्यानं म्हणायला लावा. गार पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत द्या, प्यायची घाई नाही.

"काय आठवलं?" हे विचारायचंच नाही. आणि बाकीच्यांनी गोल करून उभं राहायचं नाही.

शेवटचं, जे सगळे विसरतात: अर्धा तास चहा-बिस्किटावर बसवून ठेवा, आणि गाडीवर एकटं सोडू नका. लक्ष्मी रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत असा माणूस स्कूटर चालवायच्या स्थितीत नसतो.

---

चहा_कटिंग | शुक्रवार, सकाळी ११.०२

मग दहा दिवसांच्या विपश्यनेचं काय? आमच्याकडे कुणालाही काही झालं की पहिला सल्ला तोच.

---

अनुलोम | शुक्रवार, दुपारी १.३०

साधना म्हणून उत्तम, पण ताज्या घावावरचा पहिला उपाय म्हणून नाही. पुण्यात स्वारगेटजवळ आणि मरकळला केंद्रं आहेत. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, पहिले साडेतीन दिवस आनापान (येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगभरच्या संवेदनांकडे लक्ष), पुढे दिवसातून तीनदा तासभर न हलता अधिष्ठान, दहाव्या दिवशी मौन सुटतं. वर लिहिलेलं थिजणं आठवा आणि या वेळापत्रकाशी ताडून बघा. अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. तिथे खोटं लिहून जाणारे आणि 'आता ध्यान आहे ना' म्हणून गोळ्या घरी ठेवून जाणारे, या दोघांचंच सगळ्यात जास्त बिघडतं. गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, शिबिराच्या कितीतरी आधी.

---

लोड_आणि_पट्टा | शुक्रवार, दुपारी ३.१५

आसनांचं थोडक्यात. मॉडेल कॉलनीत १९७५ मध्ये अय्यंगार संस्था झाली, तेव्हापासून पुण्यात लोड, पट्टे, ठोकळे ही काही नवलाई राहिली नाही, तर ते वापरा. शवासन उताणं नको. कुशीवर, पाठ भिंतीला टेकलेली, डोक्याखाली एक घोंगडी, गुडघ्यांमध्ये दुसरी, पोटाशी लोड धरायला. पाच मिनिटं पुष्कळ. पाठीमागे भिंत आहे हे कळलं की जबडा आधी सुटतो, बघाच. सुप्त बद्धकोनासन (उताणं पडून तळवे जुळवलेले, गुडघे बाजूला) विश्रांतीचं म्हणतात, पण त्यात पोट आणि मांड्या उघड्या पडतात. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला ते पहिल्या वर्गात देऊ नये. विपरीत करणी (उताणं पडून पाय वर) काचबिंदू असलेल्यांना नाही. शिकवणाऱ्यानं डोळे मिटलेल्या लोकांमधून फिरू नये, आणि आसन हात लावून दुरुस्त करू नये.

---

भीमाकाठ | शुक्रवार, रात्री ९.५०

व्यक्तीचं बरंच झालं. पण धाग्यात 'गावाचा घाव' आला की सगळे एकदम 'आपण सगळे' म्हणायला लागतात, म्हणून आधीच लिहितो.

पूर सगळ्यांच्या दारात शिरतो, जातीचा घाव तसा नाही. पूर ओसरतो, जातीचं रोज नवं असतं. जो घाव अजून कुणीतरी देतंय, त्यावर ध्यानाचं मलम लावून 'क्षमा करा' म्हणणं हे घाव देणाऱ्याच्या सोयीचं. क्षमा मागणाऱ्यानं मागायची असते. तिसऱ्यानं ती ज्याला लागलंय त्याच्याकडून वसूल करायची नसते.

पुण्यात याची जुनी उदाहरणं आहेत. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यावर प्रवचन नव्हतं, पाणी होतं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला आले. तिथे दरवर्षी जमणारा समाज हळहळायला जमत नाही, मान वर करायला जमतो. घावाबरोबर सन्मानही आठवला जातो म्हणून माणसं लेकराबाळांना घेऊन येतात.

तुमच्या मंडळासाठी काम एवढंच: आडनावं विचारू नका. कुणी खुर्चीवर आणि कुणी सतरंजीवर, हे गुडघ्यांवरून ठरू द्या, मानावरून नाही. चहा दर वेळी तीच दोन माणसं आणत असतील तर तेवढं बदला. आणि 'हे सगळं आता संपलंय' हे वाक्य बैठकीत कुणीही म्हणायचं नाही.

---

पर्वती_सोऽहम् | शनिवार, सकाळी ६.००

भीमाकाठ, मान्य. पण प्रारब्ध म्हणूनही काही असतंच ना?

---

खिडकीतली मैना | शनिवार, सकाळी ७.२०

असेल. ते ज्यानं त्यानं स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याच्या दुःखाला लावलं की तो आरोप होतो. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिला 'मागच्या जन्माचं देणं' सांगितलं तर ती आधीच स्वतःला दोष देत असते, तिच्या हातात आणखी एक पुरावा पडतो. मग ती बोलायची थांबते, आणि आपल्याला वाटतं बरी झाली.

---

पूररेषा | शनिवार, सकाळी १०.४०

आता १२ जुलै.

आधी घटना नीट मांडा, कारण सामूहिक दुःखात अफवा फार मुरलेल्या असतात. १२ जुलै १९६१, सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, तेव्हा आकडा सांगू नका. त्यावरूनच भांडण लागतं. कित्येक कुटुंबं निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत, राहिली, गोखलेनगर-सहकारनगरसारख्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याहत्तरीत आहेत. त्यांच्या नातवंडांना आठवण आहे ती आंबिल ओढ्याच्या २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीची. खोलीत या दोन्ही पिढ्या असतील हे धरून चला.

पिढ्यांचा विषय निघाला की 'आघात जनुकांतून उतरतो' असं कुणीतरी म्हणणारच. माणसांमधला त्याचा पुरावा अजून कच्चा आहे, ते ठासून सांगू नका. उतरतं ते सवयींतून आणि न बोललेल्यातून. पाऊस वाढला की घरातलं मोठं माणूस गप्प होतं, दर तासाला गॅलरीत जाऊन नदीकडे बघतं, कागदपत्रं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतं. कारण कुणी सांगत नाही. पोरं कारणाशिवाय भीती तेवढी उचलतात. म्हणून त्या संध्याकाळी कारण शांतपणे, मोजक्या वाक्यांत सांगितलं गेलं तरी खूप काम होतं.

टाळायच्या गोष्टी: पुराचे फोटो पडद्यावर मोठे करून दाखवणं, पाण्याचा आवाज असलेलं संगीत, आणि 'कुणाचं काय काय गेलं' अशी फेरी. ही फेरी दर वेळी स्पर्धेत संपते. ज्याची भांडी गेली तो ज्याची बहीण गेली त्याच्यापुढे ओशाळतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. आपत्तीनंतर सगळ्यांना एकदाच बसवून 'मन मोकळं करा' म्हणायची पद्धत पूर्वी जगभर होती. तपासणीत तिचा फायदा दिसला नाही, काहींना अपायच झाला, म्हणून आता तिची शिफारस करत नाहीत. बोलणं ऐच्छिक, तीन मिनिटं, आणि त्यानंतर कुणीही प्रश्न किंवा सल्ला द्यायचा नाही.

---

तिळगूळ_नाही | शनिवार, दुपारी १२.३०

परंपरेत याला जागा आहे हे इथे यायला हवं. पितृपक्षात अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी वेगळी काढून ठेवलीय. म्हणजे अकाली मरणाचं दुःख वेगळं असतं हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. तर्पणात दक्षिणेकडे तोंड, काळे तीळ, पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, गेलेल्याचं नाव आणि नातं उच्चारून. हात, पाणी, नाव, सगळं एकाच वेळी. माणूस वर्तमानात राहतो आणि आठवणही होते.

मंडळात सगळ्या जातीधर्मांचे आणि न मानणारेही असतील तर मंत्र सोडा, क्रिया ठेवा. पितळी ताम्हण, तांब्याभर पाणी, पळी. ज्याला वाटेल त्यानं पुढे यावं, एक नाव घ्यावं, एक पळी पाणी सोडावं. नाव माहीत नसेल तर 'ज्यांचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही ते' एवढंही चालतं. बायकांनीही सोडावं, त्यावर चर्चा नको. पाणी नंतर झाडाला. मुठेत सोडायचा मोह होईल, पण पूर पाहिलेल्या माणसाला जुलैत नदीकाठी उभं करू नका.

---

अनुलोम | शनिवार, दुपारी २.०५

ताम्हणाची कल्पना पटली. फक्त पाणी वरून ओतल्याचा आवाज नको, पळी ताम्हणाच्या काठाला टेकवून सोडा.

आणखी एक साधन, पण ते गटात अर्धंच वापरायचं. दोन वाव सुतळी (दोन्ही हात पसरले की एक वाव) जमिनीवर पसरायची, एक टोक जन्म. चांगल्या गोष्टींसाठी झेंडूची फुलं, आघातांसाठी दगड. शेवटचं टोक गुंडाळून ठेवायचं, ते पुढचं आयुष्य. कथनावर आधारलेल्या एका उपचारपद्धतीतली ही पहिली पायरी आहे. प्रशिक्षित माणूस पुढे एकेका बैठकीत, साधारण दीड तास, एकच दगड उलगडतो: आधी काय दिसलं, मग शरीरात काय झालं, आत्ता काय होतंय. गटात दगड फक्त ठेवायचा आणि त्याला दोन शब्दांचं नाव द्यायचं, "६१ चा पूर" एवढंच. हौशी माणूस दगड उलगडायला घेतो, अर्ध्यावर वेळ संपते, आणि समोरचा सगळं उघडं घेऊन घरी जातो. अर्धवट उलगडलेला दगड न उलगडलेल्याहून वाईट.

फुलं आधी ठेवू द्या. बऱ्याच जणांना एकही आठवत नाही. तिथे घाई करू नका, शेजारीण पोळी द्यायची हेही फूलच.

---

पूररेषा | शनिवार, दुपारी ४.२०

मंडळाच्या आवाक्याबाहेरचं कसं ओळखायचं तेही लिहून ठेवू. महिन्याहून जास्त काळ दुःस्वप्नं, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, ठिकाणं-माणसं टाळणं, सतत सावध राहणं, आणि त्यामुळे काम किंवा घर अडणं: मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल तर महिना मोजू नका, त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आघातानंतरचा विकार आणि दीर्घकाळच्या किंवा वारंवार आघातांतून येणारा गुंतागुंतीचा विकार ही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दोन वेगळी निदानं आहेत (१ जानेवारी २०२२ पासून लागू). दुसऱ्याला वेळ जास्त लागतो. विश्वास बसायलाच काही महिने जातात.

तज्ज्ञाला विचारा: आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे, किती बैठका लागतील, मध्येच त्रास वाढला तर काय करायचं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) नोंदणी असते, तो क्रमांक मागायला लाजू नका. आघातकेंद्री उपचार अनेकदा आठ ते पंधरा बैठकांचे असतात. 'एका बैठकीत मुळासकट', 'मागच्या जन्मात नेतो', 'घरच्यांना सांगू नका' यातलं काहीही ऐकलं तर उठून या. आणि नुसती झोपेची गोळी हा यावरचा उपचार नाही. ती सुटायला अवघड आणि मूळ जागच्या जागी.

---

मुठाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. वाचून असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा.

५.३० ला सुरू, म्हणजे उजेडात संपेल. निमंत्रणात काय होणार ते आधीच सगळं लिहायचं. दहा मिनिटं घटना, एकानं वाचायची, आकडा नाही. सात मिनिटं माळेवर जप, डोळे उघडे. मग ताम्हण, वीस मिनिटं, ज्याला यायचं त्यानं. बोलणं ऐच्छिक, तीन-तीन मिनिटं, जास्तीत जास्त पाच जण. क्षमा, प्रारब्ध, 'संपलं आता' हे शब्द नाहीत. मग उभं राहून टाळ्यांच्या ठेक्यावर नामगजर, दहा मिनिटं. शेवटी पिठलं-भाकरी. सुतळी-दगड यंदा नाही. त्रास झाला तर मी आणि आणखी एक बाई, दोघंच पुढे होऊ.

---

खिडकीतली मैना | रविवार, रात्री ९.१०

नामगजर बोलण्याच्या लगेच नंतर आणलात ते बरोबर. एकत्र ठेका धरला की श्वास आपोआप जुळतात, वारीत पखवाज करतो तेच काम. फक्त सुरुवात हळू लयीत.

दोन दिवसांनी सगळ्यांना एकेक फोन करा. "झोप लागतेय ना?" एवढंच विचारा.

---

भीमाकाठ | रविवार, रात्री ९.४५

पिठलं-भाकरी कोण वाढणार ते लिहिलं नाहीत.

---

मुठाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.५२

ताटं घेऊन ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सोऽहम् काका वाढतील, आत्ताच फोनवर कबूल केलंय.